कोंडवाड्याचे वॉचमन

कोकरेमामा पहिल्यांदा माझ्या दारात आले ते बाहुली मागायला.

साठीला टेकलेला माणूस. अंगात कडक इस्त्रीचा खाकी युनिफॉर्म, छातीवर घासून चकचकीत केलेला पितळी बिल्ला, गळ्यात दोरीला शिट्टी. दारात उभं राहून त्यांनी टाचा जुळवल्या, मला सलाम ठोकला आणि विचारलं, "बाई, घरात मोडकी बाहुली, फुटका बॉल, कायपण हाय काय? बाहुलीला डोळे नसले तरी चालंल."

माझ्या हातात लाटणं होतं. मी ते खाली ठेवलं नाही. "मामा, मी एकटी राहते. वय पस्तीस. माझ्याकडे बाहुली कुठून असणार?"

"मंग येळ कसा घालवता?"

"वह्या तपासते."

"म्हंजे तुमच्याकडं काम हाय. बरा हाय मंग." पुन्हा सलाम. आणि ते पुढच्या दारात गेले.

गावाचं नाव सांगत नाही. बिरवाडीपासून चालत वीस मिनिटं, एवढंच सांगते. कारण या हकिकतीतली निम्मी माणसं अजून तिथंच राहतात आणि माझ्या नावानं अजून बोटं मोडतात. मोडू देत. मी त्या गावातल्या शाळेत आठ वर्षं शिकवलं, आणि त्या आठ वर्षांत मला भेटलेला सगळ्यात शहाणा माणूस कोण असं कुणी विचारलं, तर मी कोकरेमामांचंच नाव घेते. हसायचं असेल त्यानं हसावं.

मामा मूळचे पोलादपूरच्या वरच्या डोंगरातले. धनगरवाड्यात शेळ्यामेंढ्यांमागं वाढले, जवान असताना खाली उतरले आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत वॉचमन लागले. पुढे मामी वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी कंपनीही बंद पडली. कामगार पांगले. कोणी मुंबई गाठली, कोणी पुन्हा भातशेतीला लागलं. मामा मात्र रोज सकाळी युनिफॉर्म चढवून बंद गेटसमोर जाऊन बसायचे. गाव म्हणालं, सरकलं डोकं.

गेटसमोर आणखी एक जण बसायचा. कंपनीच्या कँटीनमधल्या उरल्यासुरल्यावर वाढलेला एक पिवळट कुत्रा. कामगार गेले तसं त्याचं खाणं गेलं, तरी तो हलेना. मामांनी त्याचं नाव ठेवलं फस्ट. फस्ट म्हणजे पहिल्या शिफ्टचा.

फस्टच्या मागोमाग इतर आले. बंद पडलेल्या आणखी दोन कंपन्यांची कुत्री आली, हायवेवर गाड्यांनी उडवलेली आली, भाडेकरू खोल्या सोडून गेले तेव्हा मागं ठेवून गेलेली आली. मामांनी सगळ्यांना शिफ्टवर घेतलं. सेकंड, नाईट, जनरल, ओव्हरटाइम, रिलीव्हर. एक सारखी पळून जायची, तिचं नाव गेटपास. गावात एक जुना कोंडवाडा होता. पूर्वी दुसऱ्याच्या शेतात घुसलेली गुरं पकडून कोंडायची ग्रामपंचायतीची जागा. चार दगडी भिंती, एक फाटक, आत गवत. मामांनी कुणाला न विचारता त्यावर पत्रे टाकले, आत आडव्या फळ्या ठोकून खण पाडले आणि कुत्री नेऊन ठेवली. अकरा.

अकरा कुत्री एकदम भुंकायला लागली की काय होतं हे ज्यानं ऐकलं नाही त्यानं मला शिकवू नये. कोंडवाडा माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. त्यात लहानपणी मला कुत्रं चावलेलं आहे, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली आहेत. तेव्हा घरमालकीण शेवंताकाकू आणि चार शेजारी कागद घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, अर्ज लिवून द्या, तुम्हाला चांगला लिवता येतो," तेव्हा मी तो एका बैठकीत लिहिला. 'सदर उपद्रवी श्वानांमुळे ग्रामस्थांच्या जीविताची शांतता भंग पावली असून' अशी सुरुवात. मला ते वाक्य फार आवडलं होतं. खाली पहिली सही माझी.

ग्रामसभेत सरपंचांनी तो मोठ्यानं वाचला. कुत्री टेंपोत भरून घाटापलीकडे सोडून यायची, असं जवळजवळ ठरलंच. मामा उठले, कागद मागून घेतला, हात लांब करून बघितला.

"अक्षर कुणाचा?"

मी हात वर केला. दुसरं काय करणार?

"मोत्यासारखा हाय," मामा म्हणाले. "पण बाई, एक राहिला. कुत्र्यांना काम काय दिलाय ते नाय लिवलात."

सभा हसली. मामांचं हे पालुपद सगळ्या गावाला पाठ होतं. कुणाचं पोर रडत असलं की मामा विचारायचे, त्याला काम काय दिलाय? कुणी दारू पिऊन पारावर पडलेला दिसला तरी तेच. एकदा आमदारांची गाडी गावात आली तेव्हाही त्यांनी तेच विचारलं होतं.

"हसू नका," मामा म्हणाले. "वाड्यावर आमचा कुत्रा दिवसभर शेरडांमागं असायचा. संध्याकाळी कळपाला येक फेरा मारून सगळी आत घातली की मंगच त्याला भाकर. तो कधी फुकट भुकला नाय. ही कुत्री भुकतात ती रिकामी हायत म्हणून. मला येक महिना द्या. भुकायची थांबली नाय, तर टेंपो मी स्वतः बोलवीन. आन त्यांच्यासंगट मीपण चढीन."

शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की सरपंचांनी लगेच महिना दिला. महिन्यानंतर सगळ्या गावासमोर कोंडवाड्यात जाऊन बघायचं. एकही भुंकलं तर टेंपो.

मामांनी पहिल्याच दिवशी घोटाळा केला. वाड्यावरचा कायदा त्यांनी जशाच्या तसा खाली आणला. कोंडवाड्याला फेरा मारल्याशिवाय कुणाला भाकर नाही! स्वतः पुढं पळून त्यांनी फेरे मारून दाखवले, शिट्टी वाजवली. कुत्री बसून बघत राहिली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कुत्री उपाशी, आणि ती उपाशी म्हणून मामाही उपाशी. भुंकण्याचा तर त्या दिवशी कहर झाला. शेवटी अंधार पडताना शेवंताकाकू, जिचा अर्जावर दोन नंबरला अंगठा होता, भाकऱ्यांचं टोपलं घेऊन गेली आणि म्हणाली, "अरे कोकऱ्या, शेरडा कुठं हायत? कशाला फेरा मारतील ती?"

मामांनी कपाळावर हात मारला. शेळ्याच नव्हत्या. मग राखायचं काय?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भाकर लपवायला सुरुवात केली. नारळाच्या सोडणात, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीत, भाकरीचे तुकडे कोंबायचे, वर सुक्या जवळ्याची चिमूट. बांबूच्या पेराला भोकं पाडून त्यात नाचणीच्या भाकरीचा चुरा. कुत्र्यानं ते लोळवायचं, चावायचं, डोकं लढवायचं आणि आपलं जेवण आपण मिळवायचं. नारळाशी झटणारं कुत्रं भुंकत नाही, हे मामांना पहिल्या तासात कळलं. त्याच नारळाला ते तिसऱ्या दिवशी कंटाळतं, हेही तिसऱ्या दिवशी कळलं. "रोज तीच ड्युटी दिली तर मानूसपण झोपतो," ते म्हणाले. म्हणून त्यांना वेगवेगळी खेळणी हवी होती. आज बॉल, उद्या गाठीची दोरी, परवा बाहुली, आणि बॉल पुन्हा चार दिवसांनी. कंपनीत साबण आणि गमबूट वाटतात तसा ते सकाळी शिट्टी मारून इश्यू करायचे.

महिनाभर मामा दारोदार फिरले; माझ्या दारात आले ते याच फेरीत. बिरवाडीतल्या खोल्या पालथ्या घातल्या, एसटीनं महाडच्या बाजारात जाऊन दुकानदारांकडून विटके बॉल आणले. खेळण्याशिवाय काही घेत नसत. कुणी केमिकल कंपनीतला रिकामा प्लास्टिकचा डबा दिला की मात्र परत करायचे. "त्यात आधी काय व्हता ते मला ठाव हाय." प्रत्येक खेळणं आधी स्वतःच्या दातांखाली धरून चावून बघायचे, तुकडा निघतो का ते. बाहुल्यांचे बटणांचे डोळे कात्रीनं उडवायचे, कुत्र्यानं गिळू नयेत म्हणून. साठीचा माणूस कोंडवाड्याच्या फाटकावर बसून रबरी बदक चावतोय, हे दृश्य बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. मामा चावत चावत त्यांना विचारायचे, "तुमच्याकडं काय हाय?" आणि लोक दुसऱ्या दिवशी काहीतरी घेऊन यायचे.

एक दिवस ते शाळेत प्रार्थनेच्या वेळी आले आणि पोरांना सलाम ठोकून खेळणी मागितली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ढीग. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमच्या घराजवळच आहे, तुम्ही पोचवा." अर्ज लिहिणारीनं पोतं उचललं आणि गेली.

मी फाटकाच्या बाहेरूनच पोतं पुढं केलं. आत दहा कुत्री आपापल्या खणात गुंतलेली. अकरावी, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेली. काळी, मागचा एक पाय वाकडा.

"तिचा नाव बदली. बदली कामगारातली," मामा म्हणाले. "महाडजवळ ट्रकनं उडवली. हाड जुळला, पण भिंतीकडंच तोंड. बॉल नको, नारळ नको. कधी भुकलीपण नाय. त्या हिशेबानं तुमच्या अर्जात ती येत नाय, बाई. तेवढी बाजूला काढा."

ते टोमणा मारत नव्हते. मला तो बरोबर लागला.

घरी येऊन मी एक जुनी सुती साडी फाडली. कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिकवते तशी चिंध्यांची बाहुली बांधली. हात, पाय, डोकं, सगळ्या नुसत्या गाठी. प्रत्येक गाठीत सुक्या जवळ्याची एक चिमूट. डोळे काढलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना भिंतीवरून बदलीच्या कोपऱ्यात टाकली आणि मागं न बघता निघाले.

संध्याकाळी मामा दारात. "बाई, डोकं सोडलंन." म्हणजे बाहुलीचं. बदलीनं वळून बाहुली ओढली होती आणि एक गाठ सोडवली होती. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी वह्या तपासल्याच नाहीत. पुढं रोज नव्या गाठी. मी इरेला पेटले आणि गाठी अवघड करत गेले, तेव्हा मामांनी निरोप पाठवला, "बाईंना सांगा, जरा सैल मारा. ती शाळेत गेलेली नाय."

महिना संपायला आठवडा होता तेव्हा मुंबईहून पार्सल आलं. गणपतीत आलेल्या एका चाकरमान्याच्या मुलीनं खास कुत्र्यांची खेळणी गोळा करून एसटीनं महाड डेपोत पाठवली होती. मीही त्या दिवशी कामासाठी महाडला गेले होते. परतीच्या गाडीत मामा माझ्या दोन सीट पुढं, मांडीवर खोकं. गाडी खड्ड्यात आदळली की खोक्यातून बारीक किंकाळी यायची. कंडक्टर एका बाळंतिणीला म्हणाला, "ताई, पोर दबतंय का बघा." तिचं पोर शांत झोपलेलं. पुन्हा खड्डा, पुन्हा किंकाळी.

"माझा हाय," मामा म्हणाले. "कुत्र्याचा हाय."

"कुत्रं? उतरा खाली! गाडीत कुत्रं चालत नाही."

"कुत्रा नाय वो, कुत्र्याचा खेळणा." मामांनी एक रबरी कोंबडी बाहेर काढून दाबली. कंडक्टरचा विश्वास बसेना, त्यानं स्वतः दाबली. मग शेजारच्यानं मागितली. बिरवाडी येईपर्यंत गाडीत सात कोंबड्या ओरडत होत्या आणि ड्रायव्हर आरशातून शिव्या घालत होता. मी खिडकीबाहेर बघत, मामांना ओळखत नसल्यासारखी बसले. आज त्याची लाज वाटते. तेव्हा वेगळी लाज वाटत होती.

मग तो रविवार आला. सकाळी सगळं गाव कोंडवाड्यात. सरपंचांच्या हातात माझा अर्ज. बाहेर खरोखरच टेंपो उभा. मामा फाटकाशी अटेन्शनमध्ये, बिल्ला चकचकीत, पण मानेवरून घामाची धार. आत फस्ट नारळाशी झटतोय, गेटपास मुंबईच्या पार्सलातल्या पोकळ रबरी बोंडातला भाताचा गोळा जिभेनं उकरतेय. कुत्र्यांनी वर बघितलं, एवढी माणसं बघितली आणि पुन्हा मान खाली घातली. एक नाही, दोन नाही. पन्नास माणसं श्वास धरून उभी आणि फक्त चावण्याचा आवाज. ही कुत्री राहावीत असं मला किती वाटतंय, ते मला तेव्हा कळलं.

सरपंच बदलीच्या खणाशी थांबले. "ही चिंधी कसली?" असं म्हणून ते वाकले आणि बाहुली उचलली.

बदली उठली. वाकड्या पायावर उभी राहिली, भिंतीकडची मान पूर्ण वळवली, सरपंचांच्या डोळ्यांत बघितलं आणि भुंकली.

एकदाच. पण काय भुंकली!

सरपंचांच्या हातून बाहुली पडली. आणि मामा? मामांनी शिट्टी तोंडात घातली आणि जीव खाऊन वाजवली. "भुकली! अरे, बदली भुकली! ऐकलात काय गो शेवंते, भुकली!" डोळ्यांतून घळाघळा पाणी.

सरपंच म्हणाले, "मामा, अट ठरली होती."

"व्हती ना. लिवा!" मामा गरजले. "लिवा तुमच्या कागदावर. येक कुत्री येकदा भुकली. आपल्या वस्तूसाठी भुकली. रिकामी नाय भुकली. खाली माझी सही घ्या आन आणा तो टेंपो. मी पयला चढतो!" आणि खरोखर टोपी सारखी करून निघाले.

माझ्या तोंडून आवाज निघाला तो वर्गातला. "थांबा. तो कागद इकडे द्या." सरपंच माझ्या शाळेचे विद्यार्थी नव्हते, तरी त्यांनी दिला. मी त्यांच्याच खिशातलं पेन घेतलं आणि माझी सही खोडली. आडवी, उभी, तिरकी, कुणाला वाचता येऊ नये अशी. "अर्जदारच नाही, तर अर्ज कुणाचा?" मी म्हटलं.

शेवंताकाकू पुढं आली. "माझा अंगठापण काढा."

"अंगठा कसा खोडणार, काकू?"

"मंग मी कशाला हाय?" म्हणून तिनं कागदाचा तेवढा कोपराच फाडून घेतला आणि कमरेला खोचला. राहिलेल्या कागदाचं काय करायचं ते सरपंचांना समजेना. त्यांनी तो घडी करून खिशात घातला. टेंपोवाला थोडा वेळ थांबला आणि बिरवाडीकडे निघून गेला.

पुढच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, मी पहिल्यांदा फाटकाच्या आत गेले. बदलीनं मला हुंगलं आणि बाहुली घेऊन माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. मामांनी पत्र्याखालून जाडजूड वह्यांचा गठ्ठा काढला. कंपनीची हजेरीपुस्तकं. बंद पडताना कोरी राहिली होती ती त्यांनी आणली होती. रोजचं एक पान. फस्ट, सेकंड, नाईट, जनरल, सगळ्यांची नावं, पुढं खुणा. आणि प्रत्येक पानावर, सगळ्यांच्या वर, वेड्यावाकड्या अक्षरात, 'कोकरे बाबू धोंडू, वॉचमन'.

मी पानं उलटत, वह्या बदलत मागं गेले. कुत्र्यांची नावं कमी कमी होत गेली. मग फक्त फस्ट उरला. मग फस्टला नाव मिळण्याच्याही आधीची पानं, त्यांवर एकच नाव. सगळी मिळून चार वर्षांची. प्रत्येक पानाच्या तळाला 'तपासणाऱ्याची सही' असं छापलेलं आणि पुढची जागा कोरी.

"आपली हजेरी आपनच तपासायची नसते, बाई," मामा खाली बघत म्हणाले. "कंपनी बंद झाली तवा सायेब बोलले, गेटवर थांब, नवीन मानूस येऊन तुला सोडवील. कोण आलाच नाय. घरी जाऊन तरी काय, तिथंपण कोण इचारत नाय आलो का म्हणून." मग वह्या माझ्यापुढं सरकवल्या. "तुमची सही चालती. सरकारी हाय."

सह्या करायला दोन शनिवार लागले. पण पहिल्या शनिवारी, पेन उघडण्याआधी, मी उठून उभी राहिले. रोज सकाळी वर्गात राहते तशी. पहिली वही हातात धरली आणि मोठ्यानं वाचलं.

"कोकरे बाबू धोंडू?"

मामांनी युनिफॉर्मचं वरचं बटण लावलं, टाचा जुळवल्या, आणि सगळ्या कोंडवाड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "हजर, बाई."